रंकाळ्यावरच्या त्या दोन दादांचे आभार

भर पावसात रंकाळ्याजवळ मदतीला धावलेल्या दोन दादांनो, मनापासून आभार! नावं विचारायची राहूनच गेली.

गाडीची काच तिरकी होऊन निम्मी दारात गेलेली, आई भिजत होती. एकानं दाराला कान लावून मला बटण दाबायला लावलं. "काचेची मोटर फिरतीया, म्हंजे फ्यूज, स्विच बरोबर हाय. काच तिला धरणाऱ्या क्लॅम्पमधनं निसटलीया, न्हाईतर वर-खाली वढणारी केबल तुटलीया. आता बटणाला हात लावू नका." दुसऱ्यानं काच दोन्ही तळव्यांत दाबून अलगद वर घेतली, फडक्यानं पुसून चिकटपट्टी लावली.

उद्यमनगरातल्या गॅरेजात दाराचं आतलं पॅड काढलं, तर खरंच क्लॅम्पचा बोल्ट सुटलेला, केबल शाबूत. नवी मोटर घ्यावी लागली नाही. तुम्ही दोघांनी पैसे घेतले नाहीत, निदान चहाला तरी या. आई रोज विचारते.