खोली कुठे घेणार, ते आधी ठरव

कुडाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझी यादी मिळाली. तीन क्रेडिट कार्डं (मॅरियट बॉनव्हॉय, टाटा न्यू इन्फिनिटी आणि मेकमायट्रिप-आयसीआयसीआय), प्रत्येकापुढे वेलकम बोनस, म्हणजे कार्ड घेतल्यावर मिळणारी भेट, आणि खाली प्रश्न, "यातलं कुठलं घेऊ?" आई-बाबांना दिवाळीनंतर तारकर्लीला आणि तिथून गोव्याला न्यायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. गुडघे दुखत असूनही काकू यायला तयार झाल्यात, म्हणजे या खेपेला राहायची सोय चोख व्हायलाच हवी. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तू बोनसचा आकडा कुणाचा मोठा ते बघतोयस. मला वाटतं, त्या बोनसवर खोली कुठे मिळते ते आधी बघावं. मालवण-तारकर्लीत ना मॅरियट आहे, ना ताज. इथे घरगुती निवास, छोटी रिसॉर्टं आणि एमटीडीसी, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट. म्हणजे तुझ्या सहलीतल्या तारकर्लीच्या रात्रींना हॉटेल-साखळीचा बोनस लागूच होत नाही. तो कामाला येईल तो पणजीच्या बाजूला.

आता एचडीएफसीच्या मॅरियट बॉनव्हॉय कार्डाचं बघ. हे ऑगस्ट 2023मध्ये आलं. वर्षाची फी 3,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,540. त्याबदल्यात एक फुकट रात्र मिळते, पण 15,000 पॉइंटांपर्यंतच्या खोलीसाठी (मॅरियटमध्ये रोख पैशांऐवजी पॉइंट देऊनही खोली घेता येते). कुठल्या हॉटेलला किती पॉइंट, हा ठरावीक तक्ता मॅरियटने 2022मध्येच बंद केला, त्यामुळे तीच खोली पावसाळ्यात कमी पॉइंटांत आणि नाताळात कितीतरी जास्त पॉइंटांत दिसते. खोली 15,000च्या वर गेली तर तुझ्या खात्यातले पॉइंट घालून फरक भरता येतो, पण नव्या माणसाच्या खात्यात पॉइंट असणार कुठून? तेव्हा 31 डिसेंबरला पणजीत मिरामारच्या मॅरियटमध्ये राहू, असली स्वप्नं या रात्रीच्या भरवशावर बघू नकोस. नोव्हेंबरच्या मधल्या वारी बघ. अर्ज करायच्या आधी मॅरियटच्या ॲपमध्ये तुझी तारीख टाकून पॉइंटांतला दर बघून घे, त्याला कार्ड लागत नाही. आणि रात्र खात्यात जमा व्हायला काही आठवडे लागतात, तेव्हा घ्यायचं असेल तर आत्ताच हालचाल कर.

हिशेब असा. समजा खोली 8,000ची आहे. साडेसात हजारांवरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9,440 झाले. 3,540 भरून ती मिळाली तर सौदा उत्तमच. पण खोली एकच मिळते. तुम्ही चौघं, दुसरी खोली रोखीची. फुकटातली आई-बाबांना द्यायची असेल तर बुकिंग करतानाच हॉटेलला फोन करून लिफ्टजवळची मागून घे. कार्डाबरोबर मॅरियटचा सिल्व्हर सदस्य-दर्जा येतो, त्यात नाश्ता नसतो. चौघांचा नाश्ता वेगळा धर.

रोजच्या खरेदीवर पॉइंट गोळा करू, हा विचार मात्र डोक्यातून काढून टाक. किराणा, कपडे, औषधं यांवर 150 रुपयांना 2 पॉइंट मिळतात. म्हणजे 15,000 पॉइंट जमायला सव्वाअकरा लाखांचा खर्च! मॅरियटमध्येच खर्च केलास तर 150ला 8, तरी पावणेतीन लाखांच्या वर जातं. या कार्डाचा सगळा जीव त्या एका रात्रीत आहे. दरवर्षी नूतनीकरणाची फी भरली की ती पुन्हा मिळते. वर्षात ती कुठे वापरणार ते सांगता येत असेल तरच फी भरायची.

टाटा न्यू इन्फिनिटीचं गणित वेगळं. फी 1,499 आणि जीएसटी, पहिल्या वर्षी 1,499 न्यूकॉइन्स परत. एक कॉइन म्हणजे एक रुपया. ताज, विवांता, जिंजर अशा टाटांच्या हॉटेलांत 5 टक्के मिळतात, आणि हॉटेलात जाणं झालं नाही तर कॉइन्स बिगबास्केटवर किंवा क्रोमात खर्चता येतात. बोनस दिसायला लहान, पण वाया जात नाही. तुझ्या घरी दर महिन्याला बिगबास्केटचं सामान येतं, म्हणून हे कार्ड मला तुझ्यासाठी मनापासून आवडतं. मेकमायट्रिप-आयसीआयसीआय कार्डावर त्यांच्याच साइटवरून हॉटेल घेतलं तर 6 टक्के मायकॅश, म्हणजे त्याच साइटवर वापरायचे पैसे, मिळते. तुला साइटवरून बुकिंग करायची सवय असेल तर तेही बरं, एवढंच म्हणेन.

पण तारकर्लीत साइटवरून खोली घेऊ नकोस. तिथे माझ्या चुलत वहिनीचं घरगुती निवास आहे. साइटवरून गिऱ्हाईक आलं की कमिशन जातं ते तिच्या पदरचं. थेट फोन केलास तर ती दरही कमी करते आणि काकूंसाठी तळमजल्याची खोली राखून ठेवते. सहा टक्क्यांच्या मायकॅशपेक्षा तेच मोलाचं. पैसे देताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेव. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं खरं, पण ते दुकानदाराच्या क्यूआरवरच चालतं. वहिनीचा क्यूआर तिच्या बचत खात्याचा आहे. ओट्यावर तुळशीजवळच्या खांबाला तो चिकटवलाय, आणि कुणी क्रेडिट कार्ड निवडलं की ती आतूनच ओरडते, "त्येच्यार क्रेडिट चलाचा नाय हां, बँकेतसून टाका!" तेव्हा खात्यात पैसे ठेवून ये. मॅरियटचं कार्ड तर डायनर्स नेटवर्कचं (व्हिसा, रुपेसारखंच आणखी एक), आमच्या बाजारात ते सगळीकडे घेतील याची खात्री नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बिल दर महिन्याला पूर्ण भर, 'मिनिमम ड्यू'वर, म्हणजे किमान भरायच्या रकमेवर, थांबू नकोस. समजा 40,000 मागे राहिले आणि व्याज महिना पावणेचार टक्के, तर 1,500 व्याज आणि त्यावर जीएसटी 270. दोन महिन्यांत 3,540! म्हणजे मॅरियटची अख्खी वर्षाची फी तेवढ्यात गेली. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बहिणीच्या लग्नाचे हप्ते तुझ्या मागे आहेत, म्हणून हे कळकळीनं सांगतोय. ज्या महिन्यात पूर्ण बिल भरणं जमणार नाही असं वाटेल, त्या महिन्यात कार्ड कपाटात ठेव.

आणि तिन्ही कार्डांना एकदम अर्ज करू नकोस. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये चढते, आणि पुढच्या वर्षी तुला घरासाठी कर्ज काढायचंय. एकच घे. माझं मत विचारशील तर, नोव्हेंबरात पणजीची खोली 15,000 पॉइंटांत दिसली तर मॅरियट, नाहीतर टाटा न्यू.

तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळव. वहिनीकडची खोली मी आजच तोंडी सांगून ठेवतो. काकांना सुरमई चालते की पापलेटच हवं, तेही लिही. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
कुडाळकर दोस्त