ट्वीटर उलटा जोडायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

घरी केलेली थ्री-वे स्पीकरची जोडी (खालच्या सुरांना वूफर, मधल्यांना मिड, वरच्यांना ट्वीटर) वाजायला लागली. येणारा जो तो पेट्यांच्या पॉलिशचं कौतुक करतो. ते श्रेय सुतारांचं. आतलं काम कुणाला दिसत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात मी आठ ओहमचा तयार क्रॉसओव्हर, म्हणजे तिघांना आपापले सूर वाटून देणारं सर्किट, मागत होतो. तुम्ही शेजारून विचारलंत, "आठ ओहम, पण कुठल्या फ्रीक्वेन्सीला?" खरंच, वूफरवर ८ छापलेलं असतं, मीटर लावला तर कॉइल सहाच्या आसपास दाखवते, रेझोनन्सला, म्हणजे वूफर स्वतःच्या सुरात थरथरतो तिथे, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) कितीतरी पट चढतो, खाली येतो आणि वरच्या सुरांकडे इंडक्टन्समुळे पुन्हा चढू लागतो. पुस्तकातलं सूत्र मात्र सरळ ८ धरून मोकळं होतं. तुम्ही ड्रायव्हर, म्हणजे हे सुटे स्पीकर, आधी पेटीत बसवून मोजायला लावलेत, क्रॉसओव्हरचे कॉइल-कपॅसिटर मग ठरले.

मिड आणि ट्वीटर अगदी खेटून बसवायचा आग्रहही तुमचाच. मिड जिथे ट्वीटरकडे सूर सोपवतो, त्या २५०० हर्ट्झला तरंगलांबी जेमतेम १४ सेंटिमीटर. दोघांत त्याहून जास्त अंतर पडलं, तर सतरंजीवर बसणाऱ्याला एक आवाज आणि खुर्चीतल्याला दुसरा.

पण खरी गंमत उलट्या ट्वीटरची. लिंकविट्झ-रायली पद्धतीत क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही ड्रायव्हर ६-६ डेसिबल खाली असतात आणि फेज जुळली, म्हणजे दोघांच्या लहरी एकाच वेळी चढल्या-उतरल्या, तर बेरीज सपाट येते. आमचा आलेख सपाट आला, मी खूश. तुम्ही नाही! ट्वीटरच्या वायरी मुद्दाम उलट्या केल्यात. २५०० वर विहिरीसारखा खड्डा पडला, तेव्हा कुठे हसलात. खड्डा जितका खोल तितकी फेज जुळलेली, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. मग वायरी सुलट करून तंबोरा लावलात. खर्ज वूफरमधून, जवारीची झिलई ट्वीटरमधून, तरी तंबोरा एकच.

फी विचारली तर चहा मागितलात, तोही बिनसाखरेचा.

एक भांडण मात्र बाकी आहे. बंद पेटीचा बास ऑक्टेव्हला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्या (हवेला भोक ठेवलेल्या) पेटीचा २४ ने, हे कबूल. पण कोसळण्याआधी पोर्टवाली आणखी खाली जाते की! पुढची जोडी मी पोर्टवालीच करणार. मोजायला तुम्हीच यायचं.

आपला,
बुधवार पेठेत भेटलेला विद्यार्थी