आमच्या जेनेटिक काउन्सेलर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ताईची केमोथेरपी संपून ओलापॅरिबच्या गोळ्या सुरू झाल्या. हिमोग्लोबिन उतरतं, थकवा येतो, पण ती पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली आहे. तुमचे आभार सगळ्यांसमोर मानतेय, कारण अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या कितीतरी घरांना आनुवंशिक आजार समजावून सांगणारं काउन्सेलर नावाचं माणूस असतं हेच ठाऊक नसतं.

वंशावळ काढताना आम्ही आईकडचीच माणसं सांगत होतो. तुम्ही विचारलंत, "आणि वडिलांकडे कोण?" आत्या तरुणपणीच स्तनाच्या कॅन्सरने गेली होती; घरात तिचा विषय निघत नसे. बायकांचा आजार आईकडूनच येणार, अशी आमची पक्की समजूत. ताईच्या ज्या जनुकात दोष आहे, ते बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर असतं आणि त्याची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते, हे तुम्ही बाबांच्या देखतच सांगितलंत. त्यांचा चेहरा उतरला, तशी लगेच म्हणालात, "तुम्हालाही ते सदोष जनुक कुणीतरी दिलंच ना? यात कुणाचा दोष?"

ताई तोवर स्वतःलाच छळत होती. आपण काय खाल्लं, कुणाचं काय वाईट केलं? नातेवाईक त्यात भर घालत होते. तुम्ही तिला समजावलंत की डीएनए प्रत्येकाच्याच पेशीत सतत तुटत असतो. त्याचे दोन्ही धागे तुटले, तर फाटलेलं पान दुसऱ्या प्रतीवरून उतरवून काढावं तशी अचूक दुरुस्ती करावी लागते आणि त्या कामाला बीआरसीएची प्रथिनं लागतात. ताईच्या एका पेशीत उरलेली चांगली प्रतही निकामी झाली. मग अशी पेशी तुटकी टोकं मिळेल तशी जोडते, गुणसूत्रांचे तुकडे गळतात, भलतीकडे चिकटतात, आणि त्यातून कॅन्सर उभा राहतो. हे ऐकल्यावर ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

गोळ्यांचं कामही तुम्हीच उलगडून दाखवलंत. पार्प हे प्रथिन एका धाग्यावरचे बारीक तुटवे सांधतं. ते अडवलं की कॅन्सरच्या पेशीपुढे दुरुस्तीच्या दोन्ही वाटा बंद होतात. निरोगी पेशीकडे मात्र बीआरसीएची एक चांगली प्रत असते, म्हणून ती बरीचशी तगते. २००५ साली संशोधकांच्या दोन गटांनी प्रयोगशाळेत हे दाखवलं आणि २०१४ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी, १९९० मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी बीआरसीए-१ जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं होतं. स्तनाचा कॅन्सर एका जनुकातून घराण्यात उतरू शकतो, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण त्यांचं संशोधन आमच्या घरापर्यंत पोचलं ते तुमच्यामुळे, तेही आईला कळेल अशा मराठीत.

माझ्या तपासणीत तो दोष नाही. दादामध्ये आहे. पुरुषाला कशाला तपासणी, असं तो म्हणत होता. तुम्ही त्याच्या लहान मुलीचा विषय काढलात. तिच्याकडे तो जाण्याची शक्यता ५० टक्के, पण तपासणीचा निर्णय मोठी झाल्यावर तिचा तिने घ्यायचा, हेही ठामपणे बजावलंत. ते मला फार आवडलं.

आत्याची मुलगी पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येते आहे. तिच्या आईचे जुने रिपोर्ट सापडलेत, ते सोबत आणेल.

आपली कृतज्ञ,
ताईची धाकटी बहीण