नवा पाकट उपाशी का राहतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मत्स्यटाकीत गोड्या पाण्यातला पाकट, म्हणजेच स्टिंगरे, आणणाऱ्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते, ती म्हणजे नवा पाकट अन्नाला तोंडच लावत नाही. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: भूक लागली की खाईल, थोडे थांबा. इतर अनेक माशांच्या बाबतीत हा सल्ला चालून जातो. पाकटाच्या मात्र तो जिवावर बेततो, म्हणून हा पत्रप्रपंच.

अ‍ॅमेझॉन, ओरिनोको, पाराना अशा दक्षिण अमेरिकी नद्यांच्या तळाशी वावरणाऱ्या या माशाचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली असते, त्यामुळे तोंडाशी आलेला घास त्याला दिसत नाही. वास, स्पर्श आणि भक्ष्याच्या शरीरातून निघणारे क्षीण विद्युतसंकेत यांच्या आधारे तो वाळू चाचपत अन्न शोधतो, आणि या शोधाला वेळ लागतो. मिश्र माशांच्या टाकीत तेवढा वेळ त्याला मिळत नाही. वरून टाकलेले खाद्य तळाला पोहोचण्याआधीच सिक्लिडसारखे चपळ मासे ते फस्त करतात. वास लागून पाकट हिंडू लागतो, तोवर तळाशी काहीच उरलेले नसते. पाहणाऱ्याला वाटते की त्याने अन्न नाकारले. प्रत्यक्षात ते त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते. प्रवासात आधीच उपास घडलेला, चयापचय जलद आणि अंगावर साठा बेताचा, अशा माशाला वाट पाहायला लावणे परवडत नाही. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कंबरेचा कूर्चेचा सांगाडा वर आलेला दिसू लागला, तर तो बऱ्याच काळापासून उपाशी आहे असे समजावे.

अर्थात अन्नाआधी पाणी तपासले पाहिजे. पाण्यात अमोनिया किंवा नायट्राइट ही विषारी द्रव्ये थोडीही असतील तर पाकट खाणे सोडतो, म्हणून दोन्ही शून्य आणि तापमान २५ ते २८ अंशांच्या दरम्यान स्थिर असावे. तळाला टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी. तांबे असलेली औषधे त्याला सोसत नाहीत. चकतीसारख्या शरीराच्या कडा वर वळलेल्या दिसल्या, तर ते गंभीर लक्षण मानून आधी पाण्याकडेच धाव घ्यावी.

पाणी ठीक असेल तर सुरुवात जिवंत खाद्याने करावी. निसर्गात हा मासा कीटकांच्या अळ्या, कोळंबी, खेकडे आणि लहान मासे खातो. कीटकांचे चिवट कवचही तो जबडा आडवा हलवून चावतो. म्हणून वळवळणारी, स्वच्छ धुतलेली गांडुळे हे त्याच्यासाठी उत्तम पहिले खाद्य. दिवे मालवून बाकीचे मासे शांत झाले की, पाण्यात सोडलेल्या लांब नळीतून गांडूळ थेट पाकटाच्या पुढ्यात वाळूवर पडू द्यावे. त्यानंतर जे घडते ते पाहण्यासारखे असते: डोळ्यांमागच्या श्वसनछिद्रांची उघडझाप वाढते, पाकट पुढे सरकून गांडुळावर पसरतो, कडा वाळूला घट्ट टेकवतो, मधला भाग घुमटासारखा उचलला जातो आणि अंगाखालून वाळूचा लहानसा ढग उठतो. हे दिसले की निम्मी काळजी मिटली.

पुढे गांडुळाबरोबर कोळंबीचे तुकडे देत त्याला हळूहळू मृत खाद्याची सवय लावता येते. गोल्डफिशसारखे जिवंत मासे खाऊ घालण्याची पद्धत मला साफ चुकीची वाटते, कारण त्यांच्यासोबत परजीवी येतात आणि त्यांच्यातील थायामिनेज हे विकर ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. खाद्य देताना हात पाण्यात न घालता लांब चिमटा वापरावा. शेपटीवरचा काटा विषारी असतो. तो लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून डॉक्टरांकडे जावे.

तरीही खाणे सुरू होत नसेल, तर पाकटाला नव्हे, त्याच्या सोबत्यांना हलवावे. विशेषतः काच साफ ठेवण्यासाठी सोडलेले सकर मासे त्याच्या पाठीवर चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात, आणि असा छळ सोसणारा मासा जेवणार तरी कसा?

माझी खरी विनंती विक्रेत्यांना आहे. ग्राहकासमोर खाऊन दाखवल्याशिवाय पाकट विकू नये आणि ग्राहकानेही तो घेऊ नये. यांतील अनेक मासे नदीतून पकडून आणलेले असतात. ब्राझीलमधल्या शिंगू नदीतल्या काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या पाकटासह काही जातींचा समावेश २०२२ च्या पनामा परिषदेत साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला आहे, म्हणजे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता परवान्यानेच होतो. अशा माशाला नव्या घरी उपासमार घडू नये, यासाठी दुकानातला त्याचा आहार, खाण्याची वेळ, पाण्याचा सामू (पीएच) आणि तापमान या चार गोष्टी विक्रेत्याने पावतीच्या मागेच लिहून द्याव्यात.

आपला,
एक मत्स्यपालक वाचक