रामापिथेकसला आता निवृत्त करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी संध्याकाळी गावातल्या अभ्यासिकेत मुलांच्या शंका सोडवायला बसते. परवा एकीने स्पर्धा परीक्षेचा प्रश्नसंच पुढे केला. 'मानवाचा सर्वांत जुना ज्ञात पूर्वज कोणता?' उत्तरसूचीत छापलंय, रामापिथेकस. आणि मुखपृष्ठावर 'सुधारित आवृत्ती'!

1932 मध्ये आजच्या हिमाचलातल्या हरितल्यांगरला जी. एडवर्ड लुइस यांना वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला, तोच हा रामापिथेकस. तुकडाच, टाळूची मधली रेषासुद्धा त्यात नव्हती. तरी साठच्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम या जीवाश्मतज्ज्ञांनी उरलेला जबडा अंदाजाने पुरा केला, त्याला माणसासारखी गोलाई दिली आणि सुमारे 1.4 कोटी वर्षांपूर्वीचा आपला पूर्वज सापडल्याचा गाजावाजा झाला. 1967 मध्ये सॅरिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला : माणूस आणि चिंपांझी वेगळे झाले ते 50 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, म्हणजे 1.4 कोटी वर्षांपूर्वी फक्त माणसाचा असा वेगळा पूर्वज असणं शक्यच नव्हतं. जीवाश्मवाल्यांना तो पटला नाही. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या जुन्या वानराचा चेहरा हाती आला आणि 1982 मध्ये खुद्द पिलबीम यांनीच त्याचं वर्णन छापलं. चेहरा थेट ओरांगउटानच्या वळणाचा! रामापिथेकस शिवापिथेकसमध्येच जमा झाला, म्हणजे ओरांगउटानच्या बाजूला गेला, आपल्या नव्हे. याला चाळीस वर्षं उलटली, पण गाईडवाल्यांना अजून पत्ता नाही.

भारतातलंच काही विचारायचं असेल तर सुरत जिल्ह्यातली वस्तानची लिग्नाइट खाण आहे की! तिथे सुमारे 5.45 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रायमेट्सची (माकडं, वानरं, माणूस यांच्या गणातल्या प्राण्यांची) 25 हाडं मिळाल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. हातापायांची, घोट्याची हाडं, तीही ओंजळीत मावतील एवढ्या प्राण्यांची. पुढे लेमूर आणि टार्सियर या आजच्या प्रायमेट्सकडे जाणाऱ्या शाखा तिथे इतक्या जवळ आहेत, की दोन्हींचा मूळ पूर्वज कसा असेल याचा अंदाज बांधता येतो. दख्खनचा लाव्हा थंडावून तेव्हा जेमतेम एक कोटी वर्षं झाली होती, हिमालय उभा राहायचा होता. आपल्या शेजारच्या राज्यातलं एवढं घबाड, पण प्रश्नसंचात त्याचा उल्लेख नाही.

"मग गोल कुठला काळा करू?" त्या मुलीने विचारलं. आज आफ्रिकेतल्या चाडमधल्या सुमारे 70 लाख वर्षांपूर्वीच्या साहेलॲन्थ्रोपसचं नाव पुढे केलं जातं. त्याबद्दलही वाद आहेत. पर्यायांत तो नव्हताच.

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षेच्या पानावरही मागच्या महिन्यात हेच उत्तर आलं होतं. तिथे तरी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, कराड