गेमची गोष्ट बोटातनं पण कळते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीतला व्हिडिओ गेम्सवरचा लेख वाचला. पोरं तासन्‌तास चिकटून बसतात वगैरे मान्य, आमच्याकडेही त्यावरून रोज खडाजंगी असते, पण गेममधली गोष्ट म्हणजे दोन मारामाऱ्यांच्या मधे दाखवलेला पिक्चर, असं जे लेखात म्हटलंय ते काही पटलं नाही.

'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' नावाचा २०१३ चा एक स्वीडिश गेम आहे, जोसेफ फारेस म्हणून मुळात पिक्चर काढणाऱ्या माणसाने केलेला. भाच्याने मला जबरदस्ती खेळायला बसवलं. बाप आजारी, त्याच्या औषधपाण्यासाठी दोघं भाऊ निघतात, बास एवढंच, आणि ते बोलतात ती भाषा पण बनवलेली, कुणालाच कळत नाही. कंट्रोलरची (गेम चालवायला दोन्ही हातांत धरतात ते यंत्र) डावी स्टिक, म्हणजे छोटी दांडी, आणि डावं बटण मोठ्याचं, उजवी दांडी-बटण धाकट्याचं. सुरुवातीला माझी नुसती तारांबळ, एकाला नीट चालवावं तर दुसरा जाऊन भिंतीला धडकतो. धाकट्याला पाण्याची भीती (आई बुडून गेलेली), म्हणून पाणी आलं की तो मोठ्याच्या पाठीवर.

पुढचं, ज्यांना खेळायचंय त्यांनी सोडून द्या. मोठा भाऊ मरतो. शेवटी धाकटा एकटाच पाण्यापाशी येतो आणि थबकतो, मी आपला त्याचं उजवं बटण दाबतोय दाबतोय, शेवटी भाच्याला म्हटलं हँग झाला रे तुझा गेम, तर तो काही बोलेचना. मग सहज डावं दाबलं, मेलेल्या भावाचं, आणि पोरगं पोहायला लागलं. मला दोन मिनिटं काही सुचेना. पिक्चरमध्ये हे कसं करणार, तिथे बटण आपल्या बोटाखाली नसतंच ना.

नंतर त्यानेच 'पेपर्स, प्लीज' दिला, त्यात आपण सीमेवर पासपोर्ट तपासणारे कारकून. नवऱ्याचे कागद चोख, मागनं बायको येते तर तिच्याकडे परवानाच नाही, सोडलं की वरून मेमो आणि मेमो वाढले की पगारात कापाकापी, घरी पोरगं थंडीने गारठलेलं. सरकारी नोकरी केलेल्यांनी तर खेळाच.

पुरवणीत पिक्चरचं परीक्षण येतं, नाटकाचं येतं, तसं महिन्यातून एखाद्या गेमचं पण छापा की. फक्त लिहिणाऱ्याने तो शेवटपर्यंत खेळलेला असावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा