आई-बाबा, यंदा सीझनला मी नाहीये

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की आईचा आवाज लगेच भरून येतो आणि बाबा "बघू, बघू" म्हणून फोन ठेवतात, म्हणून हे लिहून पाठवतेय, दोघांनी एकत्र बसून वाचा. यंदा गणपतीच्या सीझनला मी पेणला येत नाहीये. इथे क्रोएशियात, झाग्रेबला ब्राँझ ओतकामाच्या एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षांचं काम घेतलंय, सही पण करून झालीये. परमिट याच कामावर मिळतंय, मध्येच सोडून आले तर परत सगळं पहिल्यापासून, म्हणून "अजून विचार कर" असं प्लीज म्हणू नका, विचार करूनच केलंय.

आधी आईच्या प्रश्नांची उत्तरं. खोली गरम असते, अंघोळीला गरम पाणी चोवीस तास. रोज भात खाते. दोलात्स म्हणून बाजार आहे, भाजी ताजी मिळते, तांदळाचं पीठ दुसऱ्या दुकानात मिळतं, भाकरी जमते पण तुझ्यासारखी फुगत नाही. पोह्याचे पापड मात्र संपलेत (पाठवू नकोस, कुरिअरला पापडापेक्षा जास्त पैसे पडतात). आणि इथल्या २०२०च्या भूकंपाचं कुणीतरी तुला व्हॉट्सॲपवर पाठवलंय ते मला कळलंय, माझ्या बिल्डिंगची दुरुस्ती होऊन गेलीये, तू ते परत परत वाचत बसू नकोस.

आता बाबा, तुमच्यासाठी. तुम्ही विचारलं होतं ना, आपल्या कारखान्यात नाही असं तिकडे काय आहे. इथल्या मोठ्या चौकात उंच चौथऱ्यावर घोडेस्वार आहे, हातात तलवार, तसले आपल्याकडेही खूप आहेत. पण तिथून पाच मिनिटं चाललं की व्लाश्का नावाचा रस्ता लागतो, तिथे आवगुस्त शेनोआ फुटपाथवर उभा आहे. मोठा लेखक, १८३८ साली याच रस्त्यावर जन्मला, वडील बिशपकडे मिठाई करायचे. चौथरा नाही, रेलिंग नाही, जाहिराती चिकटवतात तसल्या गोल खांबाला टेकून उभा, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. लोक पिशव्या घेऊन बाजूने जातात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तुमचंच वाक्य आठवलं, "नाकडोळे मागाहून, आधी बैठक बघ." टेकलेल्या माणसाचा भार कुठून कुठे जातो ते इतकं नेमकं पकडलंय की मी खाली बसून नुसते त्याचे पायच बघत होते.

तो मारिया उयेविच-गालेतोविच या बाईने केलाय. १९३३चा जन्म, इथेच झाग्रेबची, इथल्याच ॲकॅडमीत शिकली, मग लंडनला जाऊन शिकली, पुढे त्याच ॲकॅडमीत प्राध्यापक झाली. २०२३ मध्ये गेली, मला भेटता नाही आलं. तिने मिरोस्लाव क्र्लेझाचाही पुतळा केलाय, २००४ साली म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर, तो लेखक ग्वोझ्दच्या टेकडीवर राहायचा तर पुतळाही तिकडेच. बाबा, सत्तरीनंतर हं! तुम्ही पासष्टलाच "आता बास" म्हणता. तिच्याही आधी मिला वोद होती, १८८८चा जन्म, या देशात शिल्पकलेचं रीतसर शिक्षण घेतलेली पहिली बाई तीच. म्हणजे बाईने माती मळायची, रंग ढवळायचा आणि मुख्य काम दुसऱ्याने करायचं, हे या दोघींनी कधीच मोडून काढलं.

मी टोमणा मारत नाहीये. आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला, मला बसवलं नाही ते आजीमुळे, तुमच्यामुळे नाही, मला माहितीये. आजी झोपल्यावर तुम्हीच मला फुटलेल्या मूर्तीवर डोळे काढायला द्यायचात आणि माझा हात थरथरला की कोपराखाली स्वतःची मूठ ठेवायचात. मी अजूनही कोपराखाली काहीतरी घेतल्याशिवाय बारीक काम करत नाही, इथले हसतात.

शाडूचं काम मी सोडलं असं समजू नका. इथेही आधी मातीच, मग प्लास्टरचा साचा, त्यात मेणाचा पातळ थर, ते मेण बाहेर काढून साफ करायचं, मग त्याच्या आतबाहेर आगीत टिकणारा साचा भरायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी धातू ओतायचा, आतून पोकळ. मेणाच्या थराला कुठे हवेचा बुडबुडा राहिला की ब्राँझमध्ये तो तसाच उतरतो, मग छिन्नी घेऊन बसा. मेणावरची ही सफाई माझ्याकडे दिलीये कारण माझा हात हलका आहे म्हणतात. तो कुणामुळे हलका झाला ते मी त्यांना सांगितलंय.

पैशाचं टेन्शन नको, युरोत पगार आहे, दर महिन्याला पाठवीन आणि ते पैसे बँकेत ठेवायचे नाहीत. त्यातून सीझनपुरता एक माणूस ठेवा, पोती उचलायला. बाबांनी पोतं उचललेलं मला चालणार नाही, दादाला सांगून ठेवलंय, तो मला रिपोर्ट देणारे. पॉलिश पेपर मारताना मास्क लावायचा, गळ्यात लटकवायचा नाही, नाकावर लावायचा. तो शेनोआ १८८०च्या भूकंपानंतर पडकी घरं तपासत थंडीत फिरला, तेव्हापासून आजारी पडला आणि पुढच्या वर्षी गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. तुम्ही पावसात कारखान्याच्या पत्र्यावर चढता ते बंद. आई, बीपीची गोळी संपायच्या आधी आणायची, संपल्यावर नाही, आणि गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम टीव्ही बघत बघत तरी कर.

आणि आखणीला यंदा काकूच्या धाकटीला बसवा. तिचा हात चांगलाय, मी मागच्या वेळी पाहिलंय, कुणी काही बोललं तर माझं नाव सांगा. पहिल्या मूर्तीचे डोळे झाले की जवळून फोटो काढून पाठवा, दादाच्या फोनवरून, बाबांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर रंग सांडलाय.

तुमची,
बेबी